काउंटीचे पाच कारभारी

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करताना आपली लेखणी सहसा वॉशिंग्टनपाशीच रेंगाळते. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेसची दोन सभागृहे, सर्वोच्च न्यायालय आणि फार तर पन्नास राज्यांचे गव्हर्नर एवढ्यांची ओळख झाली, म्हणजे त्या विस्तीर्ण देशाचा कारभार समजला असे आपण धरून चालतो. परंतु त्या देशातल्या सामान्य गृहस्थाच्या घराचे मूल्य ठरवून त्यावर जो कर आकारला जातो, त्याच्या खरेदीखताची आणि विवाहाची नोंद ज्या दप्तरात होते, निराधार झाल्यावर ज्या दवाखान्याच्या दाराशी त्याला जावे लागते, आरोप आला तर ज्या तुरुंगात खटल्याची वाट पाहत बसावे लागते, राष्ट्राध्यक्षासाठी दिलेले त्याचे मतसुद्धा जिथे मोजले जाते, आणि अखेर अकस्मात वा संशयास्पद मृत्यू आला तर ज्या खात्याकडून त्याची चौकशी होते, ती यंत्रणा वॉशिंग्टनची नसते आणि बहुतेक ठिकाणी शहराचीही नसते. ती काउंटीची असते.

अशा काउंट्या त्या देशात तीन हजारांहून अधिक आहेत. एकट्या टेक्ससात २५४, तर डेलावेअरमध्ये केवळ तीन. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात आणि अलास्कात बरो. कनेक्टिकट राज्याने १९६० साली आपल्या काउंटी सरकारांचा गाशा गुंडाळला, आणि ऱ्होड आयलंडात काउंट्या नकाशावर असल्या तरी त्यांना स्वतःचे सरकार नाही. इतरत्र मात्र कारभाराची सूत्रे बहुतांशी लोकनियुक्त मंडळाच्या हाती असतात, मग त्याला कुठे बोर्ड ऑफ कमिशनर्स म्हणोत, कुठे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, टेक्ससात कमिशनर्स कोर्ट, तर केंटकीत फिस्कल कोर्ट. सभासदांची संख्या कुठे तीन, कुठे पाच, कुठे तीसच्याही वर. जॉर्जियातल्या काही लहान काउंट्यांत तर एकाच निवडून आलेल्या कमिशनरावर सारा कारभार चालत आला आहे.

या संस्थेचे मूळ इंग्लंडात आहे. तिथल्या प्रत्येक शायरमध्ये राजाने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस वर्षातून चार वेळा एकत्र बसत, चोऱ्यामाऱ्यांचे निवाडे करत, आणि त्याच बैठकीत पूल, रस्ते, तुरुंग व गोरगरिबांची तरतूद यांचाही विचार करत. न्यायदान आणि मुलकी कारभार यांची ही सरमिसळ वसाहतवाल्यांनी जहाजात बरोबर नेली. व्हर्जिनियात १६३४ साली आठ शायर निर्माण झाले आणि तिथली काउंटी न्यायालये पिढ्यान्‌पिढ्या बड्या जमीनदारांच्या हाती राहिली, कारण रिकाम्या जागेवर कोणाला नेमावे याची शिफारस तेच आपसांत करत. उत्तरेकडे मात्र दोन वेगळ्या रीती रुजल्या. न्यूयॉर्कात प्रत्येक टाउन आपला एक सुपरवायझर निवडून देई आणि अशा सर्वांचे मिळून काउंटीचे मंडळ बने. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच साऱ्या काउंटीने मिळून तीन कमिशनर निवडण्याचा प्रघात पडला. पश्चिमेकडे वस्ती सरकत गेली तसतसे या दोन साच्यांपैकी एक तरी तिच्याबरोबर गेलाच. पेनसिल्व्हेनियाच्या साच्यात १८७४ च्या राज्यघटनेने एक मार्मिक भर घातली: जागा तीन असल्या तरी मतदाराने मते दोघांनाच द्यायची, म्हणजे तिसरी जागा बहुधा अल्पमतातल्या पक्षाच्या वाट्याला येते, आणि विरोधकाचा एक डोळा हिशेबाच्या वह्यांवर कायम राहतो. ही तरतूद आजही तिथे बव्हंशी चालू आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

काउंटी ही स्वयंभू सत्ता नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन फॉरेस्ट डिलन यांनी १८६८ साली असा दंडक घालून दिला की स्थानिक संस्थेला राज्याच्या विधिमंडळाने जे अधिकार स्पष्टपणे दिले, किंवा दिलेल्या अधिकारांच्या वापराला जे अपरिहार्य आहेत, तेवढेच तिचे. आणि शंका उत्पन्न झाली तर ती संस्थेच्या विरुद्ध सोडवायची. पुढे अनेक राज्यांनी हा फास सैल केला, आणि लोकांनी मतदानाने स्वीकारलेल्या सनदेप्रमाणे काउंटीला आपले घर आपण चालवण्याची मुभा दिली. लॉस एंजेलिस काउंटीची सनद १९१२ साली मतदारांनी मंजूर केली आणि पुढील वर्षी ती अंमलात आली. अशी सनद मिळवणारी ती अमेरिकेतली पहिली काउंटी. तरीही सनद झाली तरी ती राज्याच्या कायद्याच्या चौकटीतली, आणि खर्चाचे बहुतेक ओझे राज्याने लादलेले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही व्यवस्था समजून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. आपल्याकडे १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तरी जमाबंदी, दप्तर, निवडणुका आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे कलेक्टर आणि पोलीस खाते यांच्याकडेच राहिली. शाळा, दवाखाने, रस्ते आणि शेती यांतला काही भाग तेवढा लोकनियुक्त सभासदांच्या हाती आला. काउंटीत वरून नेमलेला कलेक्टर नाही. आपल्या मनात कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद या दोन निरनिराळ्या इमारती आहेत, तिथे दोहोंची बहुतेक कामे एकाच छताखाली चालतात, आणि त्या छताखालची प्रमुख माणसे मतपेटीतून आलेली असतात. शाळा तेवढ्या वेगळ्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र निवडून आलेली शिक्षण मंडळे आहेत.

आता एक उदाहरण जवळून पाहू. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्को सोडले तर प्रत्येकीच्या मंडळावर पाच सुपरवायझर, चार वर्षांच्या मुदतीसाठी, पाच मतदारसंघांतून, पक्षचिन्हाविना निवडले जातात. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतल्या अल्पाइन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीत १,२०४ भरली. तिथल्या एका सुपरवायझरामागे सुमारे २४० माणसे, म्हणजे त्याला आपल्या प्रत्येक मतदाराचे नाव ठाऊक असणे सहज शक्य आहे. त्याच शिरगणतीत लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या १,००,१४,००९ होती, आणि तिच्याही मंडळावर पाचच सुपरवायझर होते. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातला सभासद साडेसात लाखांच्या आसपास लोकांचे प्रतिनिधित्व करतो. लॉस एंजेलिसची सुपरवायझर वीस लाखांचे. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांपैकी चाळिसांची लोकसंख्या या काउंटीएवढी नाही. वर्तमानपत्रांनी या पाच जणांना ‘पाच छोटे राजे’ म्हणावे यात नवल नव्हते. २०२० च्या निवडणुकीनंतर पाचही जागांवर स्त्रिया आल्या, तेव्हा ते विशेषण बदलावे लागले, पण सत्तेचे स्वरूप बदलले नाही.

ते स्वरूप असे की एकाच मंडळाच्या ठायी तिन्ही अधिकार एकवटले आहेत. स्थानिक कायदे करणारे विधिमंडळ तेच. अंदाजपत्रक मंजूर करून खात्यांचे प्रमुख नेमणारे आणि त्यांच्याकडून अंमलबजावणी करून घेणारे कार्यकारी मंडळही तेच. आणि जमिनीच्या वापराचा परवाना नाकारला गेलेल्या माणसाचे अपील ऐकताना न्यायाधीशाच्या आसनावर बसणारेही तेच. काउंटीत लॉस एंजेलिस, लाँग बीच, पासाडीना धरून ८८ नगरपालिका आहेत व त्यांना त्यांची त्यांची कौन्सिले आहेत; परंतु कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या वस्त्यांत सुमारे दहा लाख लोक राहतात, आणि त्यांच्या दारचा रस्ता, कचरा, बांधकामाचा परवाना, बाग हे सर्व थेट या पाच जणांच्या अखत्यारीत येते. पूर्व लॉस एंजेलिस हा दाट मेक्सिकन वस्तीचा भाग यांतलाच. नावात शहर असूनही तो शहराच्या हद्दीत नाही, त्याला महापौर नाही, आणि तिथल्या रहिवाशाने दाद मागायची ती सुपरवायझरच्या कचेरीत.

मंडळाची बैठक बहुधा मंगळवारी केनेथ हान यांच्या नावाच्या प्रशासकीय इमारतीत भरते, आणि तिची रीत मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचे वार्ताहर माइक हॅरिस यांनी स्थानिक मंडळे बंद दाराआड कसे निर्णय घेतात यावर एक लेखमाला लिहिली. तिच्यातून निर्माण झालेल्या लोकमतामुळे विधिमंडळाचे सभासद राल्फ ब्राउन यांनी मांडलेला खुल्या बैठकांचा कायदा १९५३ मध्ये मंजूर झाला, आणि तो ब्राउन कायदा याच नावाने ओळखला जातो. नियमित बैठकीच्या निदान ७२ तास आधी कार्यक्रमपत्रिका लोकांना दिसेल अशी लावली पाहिजे. पत्रिकेत नसलेल्या विषयावर, काही मोजके अपवाद सोडता, निर्णय घेता येत नाही. कोणाही नागरिकाला निर्णयापूर्वी बोलण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. न्यायालयात चालू असलेला दावा, नोकरवर्गाची वैयक्तिक प्रकरणे किंवा संघटनांशी वेतनाची बोलणी एवढ्यापुरते दार बंद करता येते.

या कायद्याचा सर्वांत कडक भाग मात्र सभागृहाबाहेर जाणवतो. पाचांपैकी तीन हे बहुमत, म्हणून काउंटीच्या कामावर तिघांनी कुठेही, चहाच्या टेबलाशी किंवा टेलिफोनवर, एकत्र चर्चा केली तर ती बेकायदेशीर बैठक ठरते. इतकेच नव्हे, तर एकाने दुसऱ्याशी बोलावे, दुसऱ्याने तिसऱ्याशी, आणि अशा साखळीने मत बनवावे, हेही निषिद्ध आहे. सचिवामार्फत निरोप पोचवला तरी साखळी ती साखळीच. परिणामी सुपरवायझरांना एकमेकींचे मन पुष्कळदा सभागृहात, लोकांच्या समक्ष, प्रथमच कळते. यामुळे कामे लांबतात, आणि एखादी अवघड तडजोड खासगीत जितकी मोकळेपणाने जुळली असती तितकी उघड्यावर जुळत नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीदेखील ज्यांच्या हातात कायदा, तिजोरी आणि नेमणुका एकत्र आहेत त्यांना आपसांत कुजबुजायला एवढी अडचण असावी, हे मला सर्वस्वी योग्य वाटते.

तिजोरीची गोष्ट निराळी आहे. लॉस एंजेलिस काउंटीचे वार्षिक अंदाजपत्रक अलीकडे साडेचार हजार कोटी डॉलरांच्या वर गेले आहे, आणि नोकरवर्ग एक लाखाहून मोठा आहे. परंतु या पैशातला फार मोठा भाग राज्याकडून व केंद्राकडून विशिष्ट कामासाठी बांधून आलेला असतो, आणि सुपरवायझरांना आपल्या विवेकाने खर्चता येईल असा हिस्सा त्या मानाने लहान. या पराधीनतेचे एक कारण १९७८ सालच्या जूनमध्ये सापडते. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्याबरोबर घरपट्टीही वाढत होती, आणि निवृत्त माणसांना स्वतःच्या घरात राहणे परवडेना; तेव्हा हॉवर्ड जार्विस यांच्या पुढाकाराने तेरावा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि भरघोस मतांनी संमत झाला. मालमत्तेवरचा सर्वसाधारण कर मूल्याच्या एक टक्क्यावर थांबला, आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही असे ठरले. एका वर्षात मालमत्ता-कराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. उरलेल्या एक टक्क्याची वाटणी काउंटी, शहर आणि शाळा यांत कशी करायची हे ठरवण्याचा अधिकार राज्याकडे गेला, आणि कर बसवणारी मंडळे राज्याच्या तोंडाकडे पाहू लागली. सांता क्लारा काउंटीत घरे घेऊन राहिलेली अनेक मराठी कुटुंबे दरवर्षी १० डिसेंबर आणि १० एप्रिल या तारखांच्या आत कराचे दोन हप्ते भरतात. सारख्याच बांधणीच्या शेजारच्या दोन घरांत एकाचा कर दुसऱ्याच्या कितीतरी पट कसा, हे कोडे त्यांना पडते तेव्हा त्याचे उत्तर याच प्रस्तावात असते. १९७५ पासून न विकले गेलेले घर अजून त्या जुन्या मूल्यावरच, वर्षाला फार तर दोन टक्के वाढ धरून, कर भरत असते.

मंडळ सर्वाधिकारी दिसत असले तरी त्याच्या शेजारी काही अधिकारी स्वतःचा वेगळा जनादेश घेऊन उभे असतात: शेरीफ, सरकारी वकील, मालमत्तेचे मूल्य ठरवणारा असेसर, आणि अनेक काउंट्यांत खजिनदारदेखील. हे सर्व लोकांनी थेट निवडलेले. मंडळ त्यांचे अंदाजपत्रक मंजूर करते, पण त्यांना हुकूम सोडू शकत नाही. या विभागणीचा धडा ऑरेंज काउंटीला फार महाग पडला. तिथले निवडून आलेले खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांच्या हाती काउंटीचा आणि जवळजवळ दोनशे शाळा, शहरे व जल-मंडळे यांचा मिळून सुमारे साडेसातशे कोटी डॉलरांचा निधी होता. त्यावर कर्जे काढून त्यांनी ही गुंतवणूक दोन हजार कोटींपर्यंत फुगवली, आणि व्याजाचे दर खालीच राहतील या भरवशावर ती बेतली. काही वर्षे उत्पन्न इतके चांगले आले की सुपरवायझरांनी खोलात जाऊन विचारण्याचे कारण मानले नाही. १९९४ च्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मूरलाख यांनी हा डोलारा कोसळेल असे उघड बजावले होते. मतदारांनी सिट्रन यांनाच पुन्हा निवडून दिले. त्या वर्षी फेडरल रिझर्व्हने दर चढवत नेले, सुमारे १६० कोटी डॉलर बुडाले, आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी देशातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एकीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवरच्या अमेरिकन इतिहासातली ती कोणत्याही स्थानिक सरकारची सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. पुढील वर्षी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ करून खड्डा भरण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, आणि नोकरकपात व सेवांची छाटणी अटळ झाली. लोकांनी निवडलेला माणूस म्हणून त्याला जाब विचारायचा नाही, ही मंडळाची समजूत होती. पण निधीवर देखरेख करणे हे त्यांचेच काम होते, आणि ते त्यांनी केले नाही.

शेरीफच्या बाबतीत लॉस एंजेलिसने अलीकडे निराळा मार्ग पत्करला. मंडळ आणि शेरीफ यांच्यात अनेक वर्षे चाललेल्या संघर्षानंतर २०२२ च्या नोव्हेंबरात मतदारांनी सनदेत अशी दुरुस्ती केली की सबळ कारण असल्यास पाचांपैकी चार सुपरवायझरांच्या मताने शेरीफला पदावरून दूर करता येईल. निवडून आलेल्या एका अधिकाऱ्याला निवडून आलेल्या दुसऱ्यांनी काढावे, हे लोकशाहीच्या तत्त्वात कितपत बसते यावर तिथे पुष्कळ वाद झाला, आणि तो वाद निरर्थक नव्हता.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय हाती घेतला तिकडे वळतो. अशा मंडळाचे गुणदोष सभासदांच्या चारित्र्यावर अवलंबून असतात असे आपण समजतो. माझ्या मते त्यांहून अधिक ते दोन रूक्ष वाटणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असतात: जागा किती, आणि मतदारसंघांच्या रेषा कुठून गेल्या. टेक्ससातल्या मिडलंड काउंटीचे चार मतदारसंघ होते. त्यांपैकी एकात जवळजवळ सारे मिडलंड शहर बसवलेले होते आणि त्याची लोकसंख्या ६७,९०६ होती. इतर तीन ग्रामीण मतदारसंघांत अनुक्रमे ८५२, ४१४ आणि ८२८ माणसे होती. प्रत्येकातून एकच कमिशनर निवडून येई, आणि म्हणून दोन हजारांच्या आसपास खेडुतांचे तीन प्रतिनिधी अडुसष्ट हजार शहरवासीयांच्या एका प्रतिनिधीवर सहज मात करत. शहराचे माजी महापौर हँक एव्हरी यांनी दावा लावला. काउंटीचे म्हणणे असे की कमिशनरांचे मुख्य काम ग्रामीण रस्त्यांचे, तेव्हा ग्रामीण भागाला झुकते माप मिळाले तर बिघडले काय? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी बहुमताचा निकाल लिहिला, आणि राज्यांच्या विधिमंडळांना चार वर्षांपूर्वी लागू झालेले समान मताचे तत्त्व काउंटीच्या मंडळांनाही लागू झाले.

न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ काउंटीतला अन्याय अधिक सूक्ष्म होता. तिथे टाउनांच्या सुपरवायझरांना लोकसंख्येच्या मानाने कमीअधिक मते दिलेली होती, आणि वरवर पाहता यापेक्षा न्याय्य ते काय? १९६४ साली हेंपस्टेडच्या दोन सुपरवायझरांना प्रत्येकी ३१, ऑयस्टर बेला २८, नॉर्थ हेंपस्टेडला २१, आणि लाँग बीच व ग्लेन कोव्ह या शहरांना प्रत्येकी दोन अशी ११५ मते होती. ठराव संमत होण्यास ५८ लागत. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहावा. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की ठराव संमत. आणि त्यांच्यापैकी एकालाच धरून उरलेल्या सर्वांनी एकजूट केली तरी बेरीज ५६ च्या पुढे जात नाही. म्हणजे नॉर्थ हेंपस्टेडच्या २१ मतांनी एकही निर्णय कधीही फिरू शकत नव्हता. ती मते २१ असोत की शून्य, फरक नव्हता. जॉन बँझॅफ या तरुण कायदेतज्ज्ञाने १९६५ च्या आपल्या लेखात ही गोष्ट गणिताने सिद्ध केली, आणि मतांची संख्या व मताची शक्ती या दोन भिन्न वस्तू आहेत हे कायदेपंडितांना शिकवले. तरीसुद्धा नॅसॉत ही पद्धत, आकड्यांत फेरफार होत होत, पुढे तीस वर्षे टिकली. संघीय न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवल्यावर १९९६ मध्ये १९ सभासदांचे काउंटी विधिमंडळ तिच्या जागी आले.

सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि काउंटी एकच असल्याने तिथे ११ सुपरवायझर आणि एक महापौर असतो. १९७६ पूर्वी सुपरवायझर साऱ्या शहरातून निवडले जात, आणि १९७३ व १९७५ मध्ये समलिंगी हक्कांचे पुरस्कर्ते हार्वी मिल्क अशा निवडणुकीत पराभूत झाले. मतदारसंघ पाडल्यावर १९७७ साली तेच मिल्क आपल्या वस्तीतून निवडून आले. पद स्वीकारल्यावर अकरा महिन्यांतच महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्याबरोबर त्यांचा खून झाला; १९८० मध्ये शहराने मतदारसंघ रद्द केले, आणि ते परत येण्यास २००० साल उजाडावे लागले.

लॉस एंजेलिसला हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भोवला. १९८१ मध्ये सुपरवायझरांनी स्वतःच्याच मतदारसंघांच्या रेषा स्वतः आखल्या. त्या वेळी काउंटीतल्या दर चार माणसांत एकाहून अधिक लॅटिनो वंशाचे होते, तरी शंभराहून अधिक वर्षांत त्या समाजाचा एकही प्रतिनिधी मंडळावर बसला नव्हता. १९८८ साली दावा दाखल झाला, केंद्र सरकारच्या न्याय खात्यानेही तो लढवला, आणि १९९० मध्ये न्यायाधीश डेव्हिड केन्यन यांनी निर्णय दिला की विद्यमान सभासदांच्या जागा राखण्यासाठी लॅटिनो वस्ती हेतुपुरस्सर तुकडे करून वाटली गेली. नवे नकाशे झाले, आणि १९९१ साली ग्लोरिया मोलिना निवडून आल्या; मंडळावर निवडून आलेली ती पहिली स्त्री. आज तिथे रेषा आखण्याचे काम नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आहे, आणि २०२१ चे नकाशे त्याने तयार केले.

एवढ्या थोड्या हातांत एवढी सत्ता असल्याची किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर दक्षिण लॉस एंजेलिसच्या मार्टिन ल्यूथर किंग रुग्णालयाकडे पाहावे. १९६५ च्या वॉट्स दंगलीनंतर त्या कृष्णवर्णीय वस्तीत दवाखाना नाही ही गोष्ट चौकशी आयोगाने पुढे आणली, आणि १९७२ साली काउंटीने तो उघडला. लोकांना त्याचा अभिमान होता. पण रुग्णालयाचे विश्वस्त म्हणून जे पाच सुपरवायझर होते, तेच तुरुंग, रस्ते, अनाथ मुले आणि अग्निशमन यांचेही विश्वस्त होते. रुग्णालयातली हलगर्जी वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे अहवालांच्या रूपाने येत राहिली, आणि त्यांनी त्यात कठोरपणे हात घातला नाही. लॉस एंजेलिस टाइम्सने २००४ साली हे सारे उघडकीस आणले व त्या लेखमालेस पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. २००७ मध्ये केंद्राचा निधी बंद झाला आणि आंतररुग्ण विभागाला टाळे लागले. आठ वर्षे तिथल्या लोकांना जवळच्या खाटेशिवाय राहावे लागले. २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा त्याचा कारभार एका स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे होता. त्या एकाच इमारतीकडे पाहण्यासाठी वेगळे संचालक मंडळ नेमावे लागले.

जागा वाढवाव्यात ही सूचना या काउंटीत नवी नाही. मतदारांनी ती अनेकदा नाकारली, कारण अधिक पुढारी म्हणजे अधिक खर्च ही भीती त्यांना वाटत आली. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र थोड्या मताधिक्याने प्रस्ताव संमत झाला. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा कार्यकारी प्रमुख प्रथमच साऱ्या मतदारांकडून निवडला जाईल, म्हणजे विधिमंडळ आणि कार्यकारी सत्ता यांची शंभर वर्षांहून जुनी गाठ सुटेल. आणि २०३० च्या शिरगणतीनंतर पाचांऐवजी नऊ मतदारसंघ आखून २०३२ मध्ये नऊ सुपरवायझर निवडायचे. मंडळ आतून दुभंगेल, दूरवरचा एक कार्यकारी प्रमुख पाच राजांच्या जागी एकटाच राजा होईल, असे विरोधकांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण एका सुपरवायझरामागची लोकसंख्या वीस लाखांवरून अकरा लाखांवर येईल, आणि जो समाज एका विस्तीर्ण मतदारसंघात बुडून जातो त्याला लहान मतदारसंघात आपला आवाज सापडण्याची शक्यता वाढेल, हे माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. रेषा आखण्याचे काम अर्थात अजून व्हायचे आहे, आणि ते नागरिकांच्या आयोगापुढे, ७२ तास आधी लावलेल्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे, ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू देऊनच करावे लागणार आहे.